किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास आणि वाटेत होणारे दोस्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मोठी सुट्टी मिळाली की मी कुठल्यातरी किनाऱ्याने निघते, कधी चालत, कधी बसने, कधी बोटीने. निघते एकटी आणि परत येते तेव्हा फोनमध्ये चार-पाच नवे नंबर असतात. मग ओळखीतले सगळे तेच तेच विचारतात, आणि मी प्रत्येकाला तेच तेच सांगत बसते. म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू.

डोंगर, जंगल सोडून किनाराच का? तिथे माणसं जास्त भेटतात का?

जास्त भेटतात असं नाही, पण तीच माणसं परत परत भेटतात आणि सगळी गंमत त्यातच आहे. किनारा म्हणजे एक रेघ. एका बाजूला पाणी, त्यामुळे वाटेला फाटे फुटायला जागाच कमी. सकाळी तुम्ही ज्याला मागे टाकलंत तो तुम्ही बुटातली वाळू झाडत बसलात की पुढे जातो, दुपारी एखाद्या बाकावर परत दिसतो, आणि संध्याकाळी त्याच गावात मुक्कामाला असतो कारण आसपास दुसरं गावच नसतं. तिसऱ्या भेटीला न बोलणंच जास्त अवघड होऊन बसतं.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला साउथ वेस्ट कोस्ट पाथ आहे, १,०१४ किलोमीटर. तिथे तर हे फारच होतं, कारण वाट सतत खाली खाडीच्या तोंडाशी उतरते आणि परत कड्यावर चढते, त्यामुळे दिवसाला किती अंतर कापायचं हे तुमच्या हातात फारसं राहत नाही. आणि ही वाट अशी वरखाली का आहे माहितीये? चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला तटरक्षक गस्त घालायचे त्यांच्या पायांनी ती पडलीये, त्यांना प्रत्येक घळीत डोकावून बघावं लागायचं. फ्रान्समध्ये ब्रिटनी भागातल्या किनारी वाटेला आजही जकातवाल्यांची वाट म्हणतात, ती साधारण २,००० किलोमीटर आहे. म्हणजे बघा, लपणाऱ्यांना शोधायला केलेल्या वाटांवर आपण आता दोस्त शोधत फिरतो.

कुठल्या दिशेने जावं?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, मी म्हणेन सगळ्यात आधी विचारा. बहुतेक लोक ज्या दिशेने जातात त्याच दिशेने जा. समोरून येणाऱ्याशी तुमचं बोलणं होतं दोन मिनिटं, छान होतं, पुढे चिखल आहे का, पाणी कुठे मिळेल एवढं कळतं, आणि तो गेला तो गेलाच. सोबत जाणाराच परत भेटतो. माहिती उलट्या दिशेच्या माणसाकडून घ्यायची आणि मैत्री आपल्या दिशेच्या माणसाशी, असं माझं साधं गणित आहे.

दिशा लोक उगाच ठरवत नाहीत, वाऱ्याचाही भाग असतो. पोर्तुगालच्या नैऋत्य किनाऱ्यावर रोटा व्हिसेंतिना म्हणून वाटांचं जाळं आहे, त्यातली मच्छीमारांची वाट बहुतेक जण उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतात, कारण उन्हाळ्यात तिथे वारा उत्तरेचा असतो. तो पाठीवर घेतला तर ढकलतो, तोंडावर घेतला तर दिवसभर डोळ्यांत वाळू.

गाडीने जात असाल तर वेगळा नियम : समुद्र आपल्या लेनच्या बाजूला राहील अशी दिशा धरा. ऑस्ट्रेलियात गाड्या डावीकडून चालतात, म्हणून ग्रेट ओशन रोडवर पूर्वेकडून पश्चिमेला जायचं. कॅलिफोर्नियात उजवीकडून चालतात, तिथे उत्तरेकडून दक्षिणेला. समुद्र बघायला थांबायच्या जागांवर समोरचा ट्रॅफिक न ओलांडता वळता येतं.

गाडीने गेलो तर दोस्त होतात का? आपण तर काचेच्या आत असतो ना.

कमी होतात, पण होतात. ग्रेट ओशन रोड २४३ किलोमीटर आहे, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये तो बांधला, गेलेल्या साथीदारांच्या आठवणीत. रस्ता वळणावळणाचा, त्यामुळे घाई करता येत नाही आणि प्रत्येक थांब्यावर त्याच गाड्या दिसतात. निळी गाडी आली का, आली. चौथ्या थांब्याला निळ्या गाडीतल्या काकांनी आमचा फोटो काढला, पाचव्याला आम्ही त्यांचा. फक्त गाडीतून उतरायचं आणि लगेच परत बसायचं नाही, दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. एवढंच.

भरती-ओहोटीचं किती माहीत असायला हवं?

चालणार असाल तर पूर्ण, आणि ते फार नाहीये. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोजची वेळ अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी.

लोक ज्याला फसतात ते वेगळं. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग परत दोन, मग एक. म्हणजे सुरुवातीला वाटतं अरे काही नाही, आरामात जाऊ, आणि मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येऊन जातं. कड्याखालच्या पुळणीवरून दोन टोकांमधलं अंतर कापताना हेच लक्षात ठेवा.

आणि एका किनाऱ्याचा अनुभव दुसरीकडे लावू नका. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती जेमतेम जाणवते, कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत वरखाली होतं. तक्ता त्या जागेचाच बघायचा.

मध्येच नदी आडवी आली आणि पूल नसला तर?

बहुतेक ठिकाणी तर असते, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी छोटी होडी. ती ऋतूप्रमाणे बंदही असते, आधी विचारून ठेवा. नाहीतर आत जाऊन पुलापर्यंतचा वळसा. आणि काही ठिकाणी ओहोटीला चालत जाता येतं.

इथे माझी फजिती सांगते. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, साउथ वेस्ट कोस्ट पाथवर एर्म नदी आहे, तिथे अशी होडी नाही, ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास एवढ्यातच पाण्यातून पलीकडे जायचं. माझ्याकडच्या तक्त्यात ओहोटी ११:४० ला. मी शहाणी, घाई नको म्हणून ९:४० लाच हजर. पाणी बघते तर छातीएवढं. एक कळलं नव्हतं, की तो तक्ता ग्रीनिच वेळेचा होता आणि उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. खरी ओहोटी १२:४० ला. म्हणजे दोन तास दगडावर बसून राहायचं.

थोड्या वेळाने एक आजी आल्या, सत्तरीच्या असतील, माझ्याकडचा तक्ता बघितला, तोच त्यांच्याकडेही होता, तीच चूक. मग दोन भाऊ आले, त्यांचंही तेच. चौघं एकाच तासाने फसलेलो! आजींनी आपली काठी पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवली आणि म्हणाल्या, आता हीच आपलं घड्याळ. दर दहा मिनिटांनी कुणीतरी उठून जायचं, काठीपासून पाणी किती पावलं हटलं ते मोजून ओरडून सांगायचं. चार पावलं. सात पावलं. मग एकदम बावीस. तोवर कुणाची मुलं काय करतात, कुणाचा गुडघा कधीपासून दुखतो, धाकटा भाऊ नोकरी सोडून का आलाय, सगळं बोलून झालं होतं.

उतरलो तेव्हा बुटांच्या नाड्या बांधून बूट गळ्यात, पायात जुन्या सॅंडल, कारण अनवाणी गेलं की शिंपले कापतात. बॅकपॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवलेला, पाय घसरलाच तर सॅक पटकन टाकता यायला हवी. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवत, तिरकं, छोटी पावलं. पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं. पलीकडे पोचल्यावर आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तू बरोबर वेळ वाचली असतीस तर आपण भेटलोच नसतो." पुढचे सहा दिवस आम्ही चौघं मागेपुढे चालत होतो.

एक मात्र सांगते, मांडीच्या वर पाणी असेल किंवा तळ दिसत नसेल तर जायचं नाही. वळसा घ्यायचा, दिवस गेला तरी चालेल.

मी लाजाळू आहे. पहिलं वाक्य काय बोलायचं?

"तुम्हाला पुढच्या वाटेचं काही माहितीये का?" बस. खरंच माहीत नसलं तर उत्तमच. नाव, गाव, नोकरी यातलं काही आधी विचारू नका, ते चौकशीसारखं वाटतं. वाट, वारा, पाणी, फोड आलेला पाय, हे सगळ्यांचं सारखं असतं. आणि छोटी मदत मागायला लाजू नका, मदत केलेल्या माणसाला तुम्ही लक्षात राहता. माझ्या निम्म्या ओळखी पायाला लावायच्या पट्टीवरून झाल्यात, कधी मागून, कधी देऊन.

तरी जमत नसेल तर गटाने चालायचा एखादा दिवस मध्ये ठेवा. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क या तिन्हींच्या किनाऱ्याला वाडन समुद्र आहे, ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि वाटाड्याबरोबर त्यावरून चालत जाता येतं, काही ठिकाणी तर थेट बेटापर्यंत. वीस अनोळखी माणसं, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, कुणाचा तरी बूट आत रुतून बसलेला. तिथे लाजायला वेळच नसतो. वाटाड्याशिवाय मात्र अजिबात जाऊ नका.

भाषा येत नसेल तर?

चालतं. नकाशावर बोट ठेवून अर्धा तास गप्पा मारता येतात हे मी करून बघितलंय. भाषांतराचं ॲप आहे, पण ते शेवटी काढा, कारण फोन मध्ये आला की दोघंही फोनकडेच बघत बसतात.

बोटीने प्रवास कसा वाटतो ओळखी व्हायला?

फारच सोपा, पळून जाता येत नाही ना! नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ पासून माल आणि प्रवासी घेऊन बोटी जातायत, पूर्वी टपालही असायचं, आता बर्गेनपासून पार रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत, वाटेत ३४ बंदरं, एकीकडून सहा रात्री. मजा अशी की दोन प्रकारची माणसं असतात, शेवटपर्यंत जाणारे आपण आणि एका बंदरातून पुढच्या बंदराला जाणारे तिथलेच लोक. सगळे पहिल्यांशी दोस्ती करतात. मी म्हणते दुसऱ्यांशी बोला, वेळ कमी असतो, पण कुठल्या डोंगरामागे कुणाचं घर ते त्यांनाच माहीत असतं. डेकवर उभं राहा, केबिनमध्ये बसून कुणी भेटत नाही. थंडी वाजते, वाजू दे.

चालायचा वेग जुळत नाही, काय करायचं?

सोबत चालायचंच कशाला? सकाळी सोबत निघायचं, दुपारची भेटायची जागा ठरवायची, मधे ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. किनाऱ्यावर हे सोपं असतं, चुकायची शक्यता कमी. दुसऱ्याच्या वेगाने चाललं की संध्याकाळपर्यंत चिडचिड नक्की, आणि ती बोलून दाखवता येत नाही कारण माणूस नवीन असतो. ओल्या घट्ट वाळूवरून चालायला सोपं म्हणून सगळे पाण्याच्या कडेने जातात, पण ती पुळण उतरती असते, तासन्‌तास एक पाय खाली एक वर, मग एकाच बाजूचा गुडघा बोलायला लागतो. मध्ये मध्ये वर कोरड्यावर या.

सगळे पोहायला उतरले आणि मला नको वाटलं तर?

उतरू नका. कपडे सांभाळत बसते म्हणायचं, सगळ्यांना बरंच वाटतं.

उतरणार असाल तर दोन गोष्टी. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच, लाल झेंडा असेल तर मुळीच नाही. आणि लाटा फुटतायत, मधेच एक पट्टा मात्र शांत दिसतोय, तिथे जाऊ नका, बरेचदा तोच आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, दम तिथेच संपतो. तरंगत राहायचं, हात वर करून ओरडायचं, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. नव्या ओळखीत फुशारकी मारायला म्हणून आत जाणारे मी बघितलेत, विशेषतः पुरुष, आणि सोबतचे भिडेखातर त्यांच्यामागे. भीड समुद्राला कळत नाही.

एकटीने जाताना विश्वास कुणावर आणि किती ठेवायचा?

माझे नियम सांगते, तुम्ही तुमचे बनवा. पहिल्या दिवशी कुणालाही मुक्कामाची नेमकी जागा सांगत नाही, "पुढच्या गावात" एवढंच. घरी एका माणसाला रोज कुठून कुठे ते कळवते आणि रात्री पोचल्याचा मेसेज. पासपोर्ट आणि पैसे सॅकमध्ये नाही, अंगावर. आणि कुणी माझा वेग, माझा मुक्काम किंवा माझा नकार यातलं एक जरी मनाविरुद्ध बदलायला लावत असेल तर तिथेच थांबते. बाकी गोड बोलणं, मदत, सगळं नंतर.

सॅकच्या पट्ट्याला शिट्टी असू दे. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून परत सहा, हा अडकल्याचा इशारा चालणाऱ्यांना माहीत असतो. कड्याखाली फोनला रेंज नसते बरं का.

कुणी चिकटलंच तर सुटका कशी?

खोटं बोलू नका, किनाऱ्यावर खोटं टिकत नाही. एकदा मी "आज आराम करणार" म्हणून एकाला पुढे पाठवला आणि तासाभराने गुपचूप निघाले, दोन वळणांनंतर तो बाकावर बसून मोजे वाळवत होता. दोघांनाही इतकं कानकोंडं झालं! आता सरळ सांगते, "आज मला एकटीला चालायचंय." वाईट वाटलेलं माणूस अजून भेटलेलं नाही, उलट दोघांनी तर हुश्श केलं.

नवरा-बायको किंवा मैत्रिणींचा ग्रुप असेल तर नवे दोस्त होतात का?

दोघं असाल तर होतात, अधूनमधून वेगवेगळं बसलात तर. चारपेक्षा जास्त असाल तर विसरा, लोक लांबून हसून निघून जातात.

पैशांचं कसं? सोबत होडी घेतली, टॅक्सी घेतली...

त्याच क्षणी वाटून टाका. "नंतर बघू" म्हटलं की नंतर कुणीतरी मनात बघत राहतं.

ऊन, वारा याचं काही?

वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही, हा किनाऱ्याचा फसवेपणा. कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतात, त्यामुळे टोपी घातली तरी हनुवटीखाली भाजतं. दुपारनंतर समुद्राकडून वारं सुटतं, छत्री सांभाळायची वेळ येते. लांबचा पल्ला सकाळी उरकलेला बरा.

ही मैत्री टिकते का पुढे?

बहुतेक नाही, आणि मला त्याचं पूर्वी वाईट वाटायचं. पहिल्या प्रवासानंतर मी ग्रुप केला होता, सगळ्यांचे फोटो टाकले, भेटायचं ठरलं, तीन महिन्यांत तो ग्रुप फक्त वाढदिवसांना जागा व्हायला लागला. आता नंबर सगळ्यांचा घेत नाही. ज्याच्याशी न बोलता अर्धा तास समुद्र बघत बसता आलं त्याचाच घेते, हा माझा नियम आजवर चुकलेला नाही.

आणि निरोप घ्या नीट. वाट संपायच्या आदल्या दिवशीच घ्या, कारण शेवटच्या दिवशी प्रत्येकाची बस वेगळी, कुणाची सॅक उघडी, कुणी फोनवर, आणि मग नुसते हात हलवून निघावं लागतं. एर्मवरच्या त्या दोन भावांचं असंच झालं, बसच्या काचेतून काहीतरी सांगत होते, ऐकू आलं नाही.

त्या काठीवाल्या आजींशी अजून बोलणं आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, हो. फार नाही बोलत आम्ही. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे सरकतात, त्या दिवशी त्यांचा मेसेज येतो. शब्द काही नसतात, नव्या वर्षाच्या भरतीच्या तक्त्याच्या पानाचा फोटो असतो आणि वर कोपऱ्यात लाल पेनने, दोनदा गिरवून, मोठ्ठं +१.